डीन विंचेस्टर : व्यक्तिरेखा आणि स्वभाव

डीन विंचेस्टर ही ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील दोन नायकांपैकी थोरल्या भावाची व्यक्तिरेखा. एरिक क्रिप्की यांनी निर्माण केलेली ही मालिका १३ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर २०२० रोजी संपली; १५ पर्वांत तिचे ३२७ भाग झाले. डीनची भूमिका जेन्सन ॲकल्स यांनी, तर धाकट्या सॅमची जॅरेड पॅडालेकी यांनी केली. ॲकल्स यांचे नाव आधी सॅमच्या भूमिकेसाठी पुढे आले होते.

भुते, पिशाच्चे, रक्तपिपासू, नरलांडगे यांना हुडकून मारणे हा विंचेस्टरांचा घरचा धंदा. जुन्या काळ्या गाडीतून गावोगाव हिंडायचे, खोटी ओळखपत्रे दाखवून चौकशी करायची, रात्री कबर खणायची, हाडांवर मीठ टाकून ती पेटवायची आणि पुढच्या रस्त्याला लागायचे. या कामाला पगार नाही. पोट भरते ते बनावट क्रेडिट कार्डांवर आणि पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळात जिंकलेल्या पैशांवर. ओळखपत्रांवरची नावे डीन बरेचदा जुन्या रॉक वादकांची टाकतो आणि समोरचा अधिकारी ती वाचत असताना चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही.

वरवर पाहता डीन म्हणजे बापाचे चामडी जाकीट घालणारा, गाडीत कॅसेट लावून मोठ्याने गाणी ऐकणारा, बर्गर आणि बिअरवर जगणारा, बायकांमागे लागणारा, कुणाचीही भीड न ठेवता टोमणा मारणारा रांगडा गडी. सॅम विद्यापीठात शिकलेला, हळवा, डीन आडदांड. पहिल्या काही भागांत मालिका स्वतःही त्याला असाच रंगवते. पण एवढ्यावर त्याला ओळखले म्हणणे चुकीचे ठरेल. डीन हा आधी सांभाळणारा आहे आणि मग शिकारी. त्याचा रांगडेपणा आणि त्याच्या कोट्या या दोन्ही त्या सांभाळण्यातूनच आलेल्या आहेत.

याची सुरुवात कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, २ नोव्हेंबर १९८३ च्या रात्री होते. आई मेरी बाळाच्या खोलीत छताला चिकटलेल्या अवस्थेत जळून मरते. वडील जॉन सहा महिन्यांच्या सॅमला डीनच्या हातात देतात आणि मागे न बघता बाहेर पळायला सांगतात. डीन तेव्हा चार वर्षांचा असतो. त्या रात्री हातात आलेले बाळ त्याने पुढे कधी खाली ठेवलेच नाही. बाप सूडाच्या मागे लागून दिवसच्या दिवस बाहेर, आणि मोटेलच्या खोलीत दार लावून दोन पोरे: डीनचे बालपण ते एवढेच.

पहिल्या पर्वातील ‘समथिंग विकेड’ या भागात या बालपणाचा एक लहानसा प्रसंग आहे. सॅमला समोर वाढलेले नको, डब्यातले गोड सीरियल (दुधात घालून खायचा तयार नाश्ता) हवे. ते एकाच वाडग्यापुरते उरले आहे आणि डीनच्या वाट्याला अजून काहीच आलेले नाही. तो चिडतो, वाढलेले फेकून देतो आणि डबा सॅमपुढे ठेवतो. सॅम डब्यात हात घालून आतले खेळणे काढतो आणि ते भावाला देऊ करतो. डीनचा अख्खा स्वभाव या एका मिनिटात आहे: आधी कुरकुर, मग स्वतःच्या तोंडचा घास, आणि वर त्याची वाच्यता नाही. याच भागात तो कंटाळून थोडा वेळ खेळायला बाहेर जातो आणि तेवढ्यात लहान मुलांचा प्राण शोषणारी श्ट्रिगा सॅमपर्यंत पोचते. सॅम वाचतो. पण त्यानंतर बापाची नजर बदलली, हे डीन मोठेपणीही विसरलेला नाही.

त्याच्या विनोदाकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. डीन सर्वांत जास्त चेष्टा करतो ती घाबरलेला असताना. सैतानाच्या तोंडावर टवाळी करणाऱ्या या माणसाला विमानात बसायची धास्ती वाटते. पहिल्याच पर्वात विमानात बसायची वेळ येते तेव्हा तो जीव मुठीत धरून मेटॅलिका या रॉक बँडची धून गुणगुणत राहतो. त्याच्या कोटीने दोन कामे होतात. समोरच्या राक्षसाचे लक्ष सॅमवरून उडून त्याच्याकडे वळते, आणि सॅमला वाटते की दादा घाबरलेला नाही. म्हणून डीनची बडबड थांबली की प्रकरण गंभीर आहे असे समजावे.

ती थांबलेले दोन प्रसंग महत्त्वाचे. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला डीनला वाचवण्यासाठी जॉन आपला आत्मा देऊन मरतो. डीन रडत नाही, बोलत नाही. अपघातात चेपलेली आपली काळी गाडी, १९६७ सालची शेव्हरले इम्पाला, दुरुस्त करत बसतो. मग एके दिवशी पहार उचलतो आणि स्वतःच्या हातांनी सरळ केलेल्या त्याच गाडीच्या डिकीवर घावामागून घाव घालतो. दुसरा प्रसंग चौथ्या पर्वातला. सॅमला जिवंत करण्यासाठी डीनने एका वर्षाच्या मुदतीवर आत्मा विकलेला असतो आणि तो नरकात जाऊन आलेला असतो. पृथ्वीवर चार महिने गेले, तिथे ४० वर्षे. रस्त्याच्या कडेला गाडीपाशी तो सॅमला सांगतो की ३० वर्षे त्याने यातना सोसल्या आणि मग आपली सुटका करून घेण्यासाठी पुढची दहा वर्षे इतरांना दिल्या. या कबुलीत एकही कोटी नाही. ॲकल्स यांच्या अभिनयाचा कस लागलेला हा प्रसंग आहे.

सांभाळण्याची हीच वृत्ती त्याचा सर्वांत मोठा दोषही आहे. दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय तो परस्पर घेऊन टाकतो. नवव्या पर्वात मरणाच्या दारातल्या सॅमला फसवून त्याच्या शरीरात तो एका देवदूताला शिरू देतो आणि ही गोष्ट सॅमपासून लपवतो. सॅमचा त्यावरचा संताप पूर्णपणे रास्त आहे. राक्षस तेवढा वाईट, हा बापाचा धडा डीनला पहिल्यांदा बोचतो तो दुसऱ्या पर्वात, माणसांना न छळता गुरांच्या रक्तावर जगणारे रक्तपिपासू भेटल्यावर. आपण आजवर मारले त्यांतल्या कितींना मरायला नको होते, हा प्रश्न तो स्वतःच काढतो. तरीही सातव्या पर्वात सॅमने जिवंत सोडलेल्या, त्याच्या लहानपणच्या राक्षसकुळातल्या मैत्रिणीला तो सॅमच्या नकळत ठार करतो. या बाबतीत त्याचे मन कधी एका जागी ठरले नाही.

आठव्या पर्वात भावांना एक जुने भूमिगत ठाणे मिळते आणि डीनला प्रथमच स्वतःची खोली. भिंतीवर तो शस्त्रे टांगतो, आईचा फोटो ठेवतो, गादीचे तोंडभर कौतुक करतो आणि स्वयंपाकघरात जाऊन सॅमसाठी बर्गर करतो. सॅमला आश्चर्य वाटते. खरे तर त्यात आश्चर्य काहीच नव्हते. दादाला घर आवडते हे दिसायला आधी घर लागत होते.

शेवटच्या भागात रक्तपिपासूंच्या तावडीतून दोन मुलांना सोडवताना खांबातून बाहेर आलेली लोखंडी सळई डीनच्या पाठीत घुसते. मला परत आणायचे नाही, असे तो सॅमला बजावतो. मग, ठीक आहे, जा, एवढे सॅमने तोंडाने म्हणावे असा हट्ट धरतो, आणि सॅमने ते म्हटल्यावरच प्राण सोडतो.