समुपदेशन विद्यार्थ्याची व्यावसायिक ओळख

समुपदेशनाचे शिक्षण घेत असताना आपले काम कोणते, ते कुठे थांबते आणि आपण कोणाला उत्तरदायी आहोत याविषयी विद्यार्थ्याच्या मनात जी पक्की समज तयार होते, तिला व्यावसायिक ओळख म्हणतात. ती अभ्यासक्रम, प्रत्यक्ष सत्रे, पर्यवेक्षण (म्हणजे सत्रांविषयी अनुभवी समुपदेशकाकडून मिळणारे मार्गदर्शन) आणि व्यवसायाची नीतिसंहिता यांतून घडत जाते.

थॉमस स्कोवहोल्ट आणि मायकेल हेल्गे रोनेस्टाड या संशोधकांनी समुपदेशकाच्या घडणीचे टप्पे मांडले आहेत. प्रशिक्षणापूर्वीचा मदतनीस ऐकता ऐकता समोरच्याच्या दुःखात गुंततो आणि लगेच सल्ला देतो. शिक्षण सुरू होताच हा सहजपणा हरवतो. विद्यार्थी धास्तावतो, अनुभवी व्यक्तींचे अनुकरण करतो आणि चटकन जमणारी तंत्रे शोधू लागतो. ही धास्ती उणेपणाची खूण मानली जाते, ते योग्य नाही. सल्ला आवरायला शिकण्याची ती सुरुवात असते.

ठाण्यात या घडणीला स्थानिक संदर्भ आहेत. येथील मनोरुग्णालय १९०१ पासूनचे असून ‘याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रयोग मराठीत रुळलेला आहे, त्यामुळे समुपदेशनाकडे येणारा माणूस आधी ‘मी वेडा नाही’ हे सांगूनच बसतो. दुसरीकडे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने मानसिक आरोग्याविषयी मराठीतून सातत्याने संवाद साधला आहे.

नात्यांच्या संबोधनांतून येणारा पेच मात्र अधिक खोल आहे. नौपाड्यातील किंवा ऐरोलीतील एखाद्या केंद्रात विद्यार्थिनीला कोणी ‘डॉक्टर’ म्हणते, कोणी ‘ताई’, तर आईच्या वयाची स्त्री ‘बाळा’ म्हणते. ‘डॉक्टर’ हा गैरसमज पहिल्याच भेटीत दूर करावा लागतो, कारण औषध देण्याचा अधिकार समुपदेशकाला नसतो. ‘ताई’ किंवा ‘बाळा’ नाकारणे उद्धटपणाचे ठरेल. तरीही त्या नात्यामागोमाग येणाऱ्या अपेक्षा, म्हणजे घरी येणे, सुनेला समजावणे, रात्री-अपरात्री फोन घेणे, विद्यार्थिनीला सौम्यपणे बाजूला ठेवाव्या लागतात. ठाण्यातल्या तलावपाळीवर फिरताना मदतार्थी, म्हणजे समुपदेशनासाठी येणारी व्यक्ती, सहकुटुंब समोर आला तर ओळख दाखवायची की नाही, हेही आधीच्या सत्रात त्याच्याशी बोलून ठरवलेले चांगले.

पर्यवेक्षण हा या प्रक्रियेचा गाभा आहे. अभ्यासक्रम बहुधा इंग्रजीतून आणि सत्र मराठीतून होत असल्याने मदतार्थीच्या ‘जीव घुसमटतो’ किंवा ‘छातीत धडधडतं’ या शब्दांना विद्यार्थी टिपणात घाईने एखाद्या निदानाचे नाव देऊन मोकळा होतो. असे टिपण वाचताना पर्यवेक्षक त्याला मूळ शब्दांकडे परत नेतो. त्या वेळी विद्यार्थ्याला स्वतःला काय वाटले हेही विचारतो.

कायदाही या ओळखीच्या सीमा आखतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क असून जीविताला धोका असल्यासारखे अपवादही दिले आहेत. अल्पवयीनावरील लैंगिक अत्याचार कळल्यास पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गोपनीयतेचे आश्वासन देताना या मर्यादा पहिल्याच सत्रात सांगाव्या लागतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या सूचीत समुपदेशकांच्या काही प्रकारांचाही समावेश आहे. विद्यार्थ्याने मात्र मदतार्थीला आपण प्रशिक्षणार्थी असून पर्यवेक्षणाखाली काम करतो, असेच सांगायचे असते.