शांत बाळ आणि सव्वा महिना

"किती गुणी बाळ आहे, रडतच नाही!" हे बाळंतिणीच्या खोलीत नेहमी ऐकू येणारं वाक्य मला आता धडकी भरवतं. कारण पहिल्या 28 दिवसांत बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला तर ते मोठ्या मुलासारखं तापाने फणफणेलच असं नसतं, उलट अंग गार पडतं, दूध ओढणं कमी होतं, रडणं मंदावतं आणि ते नुसतं झोपून राहतं. घरच्यांना वाटतं बाळ निवांत आहे, आणि दवाखान्यात जायचा विषयच निघत नाही.

समजा आईला शंका आली, तरी ती एकटी निघू शकते का? सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, सासूबाईंना विचारायचं, नवरा कामावरून यायचा, मग गाडीचे पैसे. दवाखाना 2 किलोमीटरवर असला तरी उंबरठा ओलांडायलाच रात्र होते. शिकलेली आई लवकर जाते हे बऱ्याच देशांत दिसलंय, पण मला वाटतं घरात तिचा शब्द चालतो का हेही तितकंच महत्त्वाचं. पहिल्या बाळाला शिंक आली तरी धावपळ, तिसऱ्याला "होईल बरं". आणि मुलगी असेल तर काही घरांत अजूनही उशीर होतो, हे लिहितानाही त्रास होतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने म्हणूनच उलटा रस्ता धरला, बाळाला दवाखान्यात आणायच्या ऐवजी गावातल्याच बायकांना शिकवून, आरोग्यदूत म्हणून घरोघरी पाठवलं. त्या बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या. तिथे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात ते याच वाटेने.

पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं, नाव तिकडच्या लसीकरणाच्या यादीत, दोन-तीन महिन्यांनी बाळ सासरी, मधेच 10 किंवा 14 आठवड्यांचा डोस राहतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर पूर्ण वेळापत्रकच कोलमडतं. डोस चुकला म्हणून लाजून घरी बसणारे लोक आहेत, पण लसीकरण पहिल्यापासून करावं लागत नाही, जिथे थांबलंय तिथूनच पुढे देतात. कार्ड तेवढं पिशवीत ठेवा.