तांबं आणि स्टील जोडण्याआधी आम्ही संगणकावर काय पाहतो

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एकाच धातूचे जॉब आले की लेझर वेल्डिंग लगेच सुरू होतं. तांब्याला स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमला स्टील जोडायचं असेल, तर मात्र आधी सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर वेल्डिंगची आभासी चाचणी, करतो आणि त्याचे पैसे वेगळे लावतो. ते कशाचे, असं बरेच जण विचारतात.

तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, ३०४ स्टेनलेस साधारण १४०० ते १४५० अंशांना. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे तांबं स्टेनलेसच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता ओढून नेतं. शिवाय फायबर लेझरचा किरण थंड, चकचकीत तांब्यावरून बहुतांश परतच फिरतो. किरण नेमका सांध्यावर धरला तर स्टेनलेस वितळतं आणि तांबं तसंच राहतं. लेझरची ताकद वाढवावी, तर वितळलेलं तांबं स्टीलच्या कणांमध्ये शिरून तडे पाडतं.

म्हणून संगणकावर जॉबचे बारीक भाग पाडून प्रत्येकाचं तापमान क्षणाक्षणाला काढतो. किरण ०.१ मिमी स्टेनलेसकडे सरकवला तर काय होईल, ०.२ मिमी सरकवला तर काय, वेग वाढवला तर काय, हे तुमचा माल न जाळता कळतं.

अॅल्युमिनियम आणि स्टीलच्या मध्ये काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. तो पुरता टाळता येत नाही, पण १० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या) आत ठेवता आला तर जोड टिकतो. सांधा किती मिलिसेकंद वितळलेला राहतो यावर ते ठरतं. जॉब वाकेल का, तेही दिसतं: १०० अंश तापल्यावर मीटरभर अॅल्युमिनियम २.३ मिमी वाढतं, एमएस (साधं स्टील) १.२ मिमी.

पण पडद्यावरच्या आकड्यांवर आम्ही थांबत नाही. नमुना जोडून, कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. जुळलं नाही तर आकडे सुधारतो, मगच तुमचा जॉब लावतो.

म्हणून येताना त्याच शीटचे किंवा पाइपचे उरलेले तुकडे, जाडी आणि ग्रेड घेऊन या. तांबं म्हणून पितळ आणू नका. त्यातलं जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि सांध्यात छिद्रं पडतात.

जोड कुठे बसणार, हेही जरूर सांगा. हे सिम्युलेशन खाऱ्या हवेचा हिशेब करत नाही. बोटीवर सतत ओलं राहणारं अॅल्युमिनियम स्टेनलेसला किंवा तांब्याला लागून असेल, तर आधी अॅल्युमिनियमच खाल्लं जातं. तिथे रंग किंवा सीलंट लागतोच. बर्फाच्या कारखान्यातल्या अमोनियाच्या लाइनसाठी तांब्याचा जोड आम्ही घेत नाही, कारण ओलसर अमोनिया तांब्याला खातो.

कधी कधी सिम्युलेशनच सांगतं की इथे वेल्डिंग नको, ब्रेझिंग (मूळ धातू न वितळवता दुसरा धातू वितळवून केलेला जोड) किंवा बोल्टच बरे. तसं असेल तर सिम्युलेशनपुरतेच पैसे घेतो.