साका : हापूसच्या एका दोषामागचे संशोधन

साल पिवळीधमक, कुठे डाग नाही, वास दरवळतो आहे. फळ कापले की मात्र कोयीलगतच्या गरात फिकट, भुसभुशीत पट्टा दिसतो. त्यात हवेच्या पोकळ्या असतात, चव आंबट लागते आणि कधी आंबूस वासही येतो. कोकणात याला साका म्हणतात. तेवढ्या भागातल्या पिष्टाची साखर झालेलीच नसते. फळ कापल्याशिवाय हा दोष कळत नाही आणि म्हणूनच निर्यातीच्या दृष्टीने तो फार घातक.

साक्याची पहिली शास्त्रीय नोंदही निर्यातीतूनच झाली. १९३२ आणि १९३३ साली मुंबई इलाख्यातून युरोपला आंबा पाठवून पाहण्यात आला. या प्रयोगांचा चीमा आणि दाणी यांनी लिहिलेला अहवाल १९३४ साली निघाला, त्यात ती नोंद आहे. कारणाचा उलगडा मात्र पुढे कित्येक दशके झाला नाही. बुरशी किंवा जिवाणू सापडेना, म्हणजे हा रोग नसून शरीरक्रियेतला बिघाड, इतकेच म्हणता येत होते.

कोकणात १९५७ मध्ये वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र, १९६५ मध्ये दापोलीचे कृषी महाविद्यालय आणि १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ आले. आता जिथे हापूस पिकतो तिथेच संशोधन आणि शिक्षण दोन्ही होऊ लागले. वेंगुर्ल्याने संकराची वाट धरली. नीलम दरवर्षी फळतो आणि त्यात साका नसतो, म्हणून नीलमचा हापूसशी संकर केला. हे काम अत्यंत चिकाटीचे आहे. मोहोरातल्या पुष्कळ फुलांत स्त्रीकेसर नसतोच. उरलेल्या द्विलिंगी फुलांचे पुंकेसर काढून हाताने परागीकरण केले, तरी बहुतेक फळे वाटाण्याएवढी होऊन गळतात. टिकलेल्या फळात बी एकच, म्हणजे एका यशस्वी संकरातून एकच रोप. ते फळायला पुढे काही वर्षे लागतात. या खटाटोपातून १९८१ साली ‘रत्ना’ आला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली पातळ कोयीचा ‘सिंधू’ दिला. दोन्ही जाती साकामुक्त. तरी बाजार हापूसच मागत राहिला आणि बागा हापूसच्याच राहिल्या. माझ्या मते यात संकराचे अपयश नाही. मात्र एवढ्याने हापूसवरचा इलाज शोधायची गरज संपली नाही, हेही खरे.

त्या इलाजाचा पहिला दुवा उष्णतेत मिळाला. एप्रिल-मेमध्ये उघड्या, तापलेल्या जमिनीवरून वर येणारी उष्णता फळांना लागते आणि साका वाढतो. म्हणून झाडाखाली गवत किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन सुचवले गेले. स्वच्छ नांगरून ठेवलेली बाग देखणी दिसते, पण साक्याच्या दृष्टीने ती चुकीची. दुसरा दुवा बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतून या शतकाच्या पहिल्या दशकात आला. आंब्याचे बी सुप्तावस्थेत जात नाही. फळ झाडावर जास्त दिवस राहिले, तर बी आतल्या आत रुजण्याच्या तयारीला लागते आणि लगतच्या गरातले पाणी व अन्नांश ओढून घेते. साका कोयीपासूनच का सुरू होतो, याचे सर्वात पटणारे उत्तर हेच.

बागायतदाराच्या हातात म्हणून मुख्यतः काढणीची वेळ उरते. कोकणात तयारी आण्यांत मोजतात, सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार फळ. चौदा आणे झालेले फळ, म्हणजे सुमारे ८५ टक्के पक्वतेचे, काढावे. अशा फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात आणि सालीचा गडद हिरवा रंग फिका पडू लागलेला असतो. पाड लागेपर्यंत, म्हणजे फळ झाडावरच पिकू लागेपर्यंत थांबले, तर गोडी वाढते आणि साकाही वाढतो. पाण्यात झटकन बुडणाऱ्या जड फळांत साक्याचे प्रमाण अधिक आढळते, म्हणून ती वेगळी काढावीत, दूरच्या बाजारात पाठवू नयेत. काढणी सकाळी ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी करावी आणि काढलेली फळे लगेच सावलीत न्यावीत.

काढताना देठ ठेवणे आवश्यक. दापोलीच्या विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘नूतन’ झेल्याला (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला) त्यासाठीच पाते आहे. देठ तुटून चीक सालीवर ओघळला की तिथे काळे डाग पडतात आणि देठाकडून कूज शिरते. साक्याच्या धास्तीने बारा आण्यांवरच काढणी करणे हीसुद्धा चूकच, कारण तसे फळ अढीत (पिकवण्यासाठी गवतात रचून ठेवल्यावर) सुरकुतते आणि त्याला हापूसचा वास येत नाही.