डेंग्यूमधला सीबीसी रिपोर्ट

डेंग्यूचा पेशंट बरा होत चाललाय की बिघडत चाललाय, हे रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसी टेस्टवरून आधीच ओळखायची पद्धत. एनएस१ किंवा आयजीएम टेस्ट डेंग्यू आहे का एवढंच सांगते, तो किती जड जाणार ते सांगत नाही. त्यासाठी कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होणारा सीबीसीच लागतो, आणि तो एकदा करून भागत नाही, ताप असेपर्यंत आणि उतरल्यावरही एक-दोन दिवस रोज बघावा लागतो.

पावसाळा सुरू झाला की घरोघरी एकच चौकशी, प्लेटलेट किती? नॉर्मल दीड ते साडेचार लाख, ते ऐंशी हजारावर आले की पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध आणि रक्तपेढीला फोन सगळं एकदम सुरू. पण बहुतेक गंभीर पेशंटमध्ये मुख्य घोळ वेगळाच असतो, बारीक रक्तवाहिन्यांमधून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा पातळ भाग झिरपतो, पोटात-छातीत पाणी साठतं, बीपी पडतं आणि माणूस शॉकमध्ये जातो, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही. हे दाखवतो पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के तो आकडा. पाणी बाहेर गेलं की रक्त घट्ट होतं आणि पीसीव्ही चढतो, मूळ आकड्यापेक्षा २० टक्के चढला तर गळती चांगलीच सुरू आहे असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणातही चढता पीसीव्ही आणि सोबत झपाट्याने पडणारे प्लेटलेट ही जोडी धोक्याच्या खुणांमध्ये आहे, पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांच्या बरोबरीने.

आता 'मूळ आकडा' इथेच गंमत आहे. आपल्याकडे कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, त्यामुळे जिचा पीसीव्ही एरवी ३० असतो तिचा ३६ आला तर रिपोर्टवर तो बऱ्यापैकी ठीकच दिसतो, पण वाढ २० टक्के झालेली असते! म्हणून पहिल्या दिवसांतला रिपोर्ट फेकायचा नाही.

क्रमही साधारण ठरलेला. आधी पांढऱ्या पेशी घसरतात, मग प्लेटलेट लाखाखाली, आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे २४ ते ४८ तास सुरू होतात, नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात ताप गेला, आता कशाला सुई. पीसीव्ही अचानक खाली आला आणि नाडी जोरात पळतेय तर आत कुठे रक्तस्राव होतोय का ते बघतात.

नुसते प्लेटलेट कमी म्हणून पिशव्या चढवण्यात फारसा अर्थ नाही, सिंगापूर-मलेशियात २० हजार किंवा त्याखाली गेलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या मोठ्या माणसांवर ट्रायल झाली (२०१७ साली छापून आली), त्यात चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट साइड इफेक्ट जास्त. शिवाय कधीकधी प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्याने मशीन आकडा उगाच कमी दाखवतं, तेव्हा स्लाइड करून डोळ्यांनी बघून घेतात.

सुधारताना पांढऱ्या पेशी आधी वर येतात, प्लेटलेट मागाहून. झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं, पीसीव्ही उतरतो आणि लघवी भरपूर होते, तेव्हा सलाईन थांबवायचं, नाहीतर तेच पाणी फुफ्फुसात जातं.