पिल्लू ते अंड्यावरची कोंबडी: कोणतं खाद्य, केव्हा आणि किती

हे पत्रक अंड्यांसाठी पाळलेल्या लेअर पक्ष्यांपुरतं आहे. ब्रॉयलरचं (मांसासाठीच्या पक्ष्यांचं) गणित वेगळं.

पिल्लं येण्याआधी ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी जागा) तापलेला हवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 35 अंश सेल्सिअस ठेवा. गारठलेलं पिल्लू खाद्याकडे फिरकत नाही. आधी पाणी, मग खाद्य. पहिले दोन-तीन दिवस तुसावर खरबरीत कागद अंथरून त्यावर खाद्य पसरा, नाहीतर पिल्लं तूसच टिपतात. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. रात्री काही पिल्लांची अन्नपिशवी (गळ्याखाली, उजवीकडे) बोटांनी चाचपा. भरलेली आणि मऊ असेल तर ठीक. टणक लागली तर पाणी कमी पडतंय, रिकामी असेल तर एकतर थंडी आहे किंवा पिल्लाला भांडं सापडलेलं नाही.

आठ आठवड्यांपर्यंत चिक मॅश (पिल्लांचं भरडलेलं खाद्य, प्रथिने सुमारे 20 टक्के), नंतर ग्रोअर मॅश (वाढत्या पक्ष्यांचं, 15 ते 16 टक्के). मात्र वय झालं म्हणून खाद्य बदलू नका, वजन बघून बदला. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पक्षी तोला. जातीच्या तक्त्यापेक्षा वजन कमी भरलं तर चिक मॅश आणखी आठवडाभर चालू द्या. बदल पाच-सहा दिवसांत, जुन्यात नवं वाढवत करा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) लवकर लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, घालणं. त्यात कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के असतं, वाढत्या पक्ष्याला साधारण 1 टक्का पुरतं. जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात, पातळ पांढरी विष्ठा दिसते. मेलेला पक्षी उघडला तर हृदयावर, यकृतावर खडूसारखा थर सापडतो. म्हणून तुरे लाल होऊ लागले, साधारण 16-17 आठवड्यांना, की प्री-लेअर (कॅल्शियम 2 ते 2.5 टक्के) द्या आणि कळपात शंभरामागे पाच अंडी येऊ लागली की लेअर मॅश. याहून उशीर केला तर कोंबडी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवच बनवते. मग कवच पातळ होतं, पाय जातात.

एका पक्ष्याचं खाणं अंदाजे असं: पहिल्या आठवड्यात रोज 10 ते 12 ग्रॅम, आठव्यात 45 ते 50, सोळाव्यात 70 ते 75, अंड्यावर आल्यावर 100 ते 115. पाणी याच्या दुप्पट, उन्हाळ्यात आणखी.

कोंबड्या मक्याचे दाणे वेचतात आणि भुकटी तळाशी टाकतात. जीवनसत्त्वं, खनिजं त्या भुकटीतच असतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं भांडं दिवसातून एकदा चाटूनपुसून संपू द्या, मगच नवं घाला. भांडं एक तृतीयांशच भरा, काठ पक्ष्याच्या पाठीच्या पातळीवर ठेवा; नाहीतर सांडलवंड फार होते.

कवचाच्या कॅल्शियमसाठी अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांचे 2 ते 4 मिलिमीटरचे तुकडे दुपारनंतर द्या. कवच रात्री बनतं, आणि जाड तुकडे तोवर हळूहळू विरघळत राहतात. भुकटीचा हा उपयोग नाही.

उरलेलं चिक मॅश अंड्यावरच्या कोंबड्यांना घालू नका. त्यात रक्ती हगवणीवरचं औषध असेल तर त्याचा अंश अंड्यात उतरू शकतो.

पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा. कुबट वास किंवा गुठळ्या असलेलं खाद्य फेकून द्या, आमच्याकडून घेतलेलं असलं तरी. बुरशीचं विष शिजवून किंवा वाळवून जात नाही.