सेनापती बापट आणि सीमालढा

पांडुरंग महादेव बापट (१२ नोव्हेंबर १८८० – २८ नोव्हेंबर १९६७) हे पारनेरचे क्रांतिकारक. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी भाषकांच्या लढ्यासाठी आयुष्याच्या अगदी अखेरीस, १९६६ मध्ये, त्यांनी उपोषण केले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले, लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या सहवासात आले आणि पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची विद्या शिकले. ती घेऊन १९०८ मध्ये ते परतले खरे, पण बंगालमधील क्रांतिकारकांवरच्या अलिपूर बाँबखटल्यानंतर त्यांना काही वर्षे भूमिगत राहावे लागले. पुढे पारनेरात हाती झाडू घेऊन गावचे रस्ते स्वतः झाडणारा हा माणूस आणि बाँबची कृती शिकलेला तरुण एकच, हे पटायला जरा वेळ लागतो.

‘सेनापती’ ही उपाधी मुळशीची. टाटांच्या धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. धरण थांबले नाही. बापटांना मात्र कामाची रेल्वे अडवल्याबद्दल दीर्घ तुरुंगवास झाला. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोसांनी फॉरवर्ड ब्लॉक स्थापन केल्यावर त्याच्या महाराष्ट्र शाखेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.  पदापेक्षा स्वतःचा देह पणाला लावण्यावर त्यांची भिस्त अधिक होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. तो दिवस सीमावासी आजही ‘काळा दिन’ म्हणून पाळतात. या प्रश्नावर आयोग नेमावा, यासाठी बापट पंच्याऐंशी वर्षांचे असताना उपोषणाला बसले, महाराष्ट्र सरकारनेही आग्रह धरला आणि २५ ऑक्टोबर १९६६ रोजी माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. आयोग मिळाला, पण निकाल उलटा लागला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच राहावे, असे महाजनांनी ऑगस्ट १९६७ मध्ये सुचवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, म्हैसूरने उचलून धरला. त्यानंतर तीनच महिन्यांनी बापट वारले. अहवाल अमलात आलाच नाही. महाजनांनी महाराष्ट्राला देऊ केलेली निपाणी आणि खानापूर ही गावेही बेळगाव जिल्ह्यातच राहिली.